डोळे शेवटाला

आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मातीचे अकरा प्राणी आहेत आणि अकराही आंधळे आहेत. एक मांजर, दोन कासवं, एक बैल, एक जिताडा मासा, बाकीचे नेमके कोण हे त्यांना घडवणाऱ्या माझ्या मुलीलाही आता सांगता येत नाही. पाहुणे येतात, चहा घेता घेता शोकेसकडे बघतात आणि मग जरा सरकून बसतात. एकदा माझ्या नणंदेने पर्समधून काळं पेन काढून मांजराला डोळे काढून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा ईरा, म्हणजे माझी मुलगी, अशी किंचाळली की नणंदेचा चहा सोफ्यावर गेला. डाग अजून आहे.

हे सगळं कुंदामावशींचं काम. कुंदामावशी म्हात्रे. धरमतर खाडीच्या कडेचं गाव त्यांचं, आणि पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं रंगकाम केलं. नवरा गेल्यावर मुलाने, नीलेशने, त्यांना रोह्याला आपल्याकडे आणलं. नीलेश इथल्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि आमच्या समोरच्या दारात राहतो. म्हणजे राहायचा. आईने आता पाय पसरून आराम करावा अशी त्याची इच्छा होती. ती त्याने आम्हाला जिन्यात थांबवून सांगितली होती.

मावशींनी चार दिवस आराम केला. पाचव्या दिवशी मे महिन्याच्या सुट्टीने पिसाळलेली बिल्डिंगमधली सहा मुलं त्यांच्या हॉलमध्ये मांडी घालून बसलेली होती, आणि माझ्या फ्रीजमधली अर्धा किलो भेंडी नाहीशी झाली होती.

भेंडी आडवी कापली, रंगात बुडवली आणि कागदावर टेकवली की फूल उमटतं. हे मला माहीत होतं. कागद संपल्यावर मुलं चादरीकडे वळतात हे माहीत नव्हतं. मी गणिताची शिक्षिका आहे. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते आणि ती वस्तू त्या जागेवर असते. मी चादर घेऊन समोर गेले. मावशींनी ती खिडकीत धरून नीट बघितली, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या बाजूला जरा दाट जालाय. बाकी हात चांगला हाय पोरीचा."

मी भांडायला गेले होते. परत आले ते चादर कशी वाळवायची हे ऐकून.

त्यांचे नियम तीन होते. पहिला, बाजारातून काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायचं. "दुकानातला रंग काय, कुनी पन आनील," असं त्या म्हणायच्या. हा नियम ऐकायला फार छान वाटतो. त्याचा अर्थ असा की सहा घरांतली हळद, बीट, कोळसा, चहाचा चोथा, वाल, जुन्या साड्या आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र यांच्यावर धाड पडायची. वर्तमानपत्र भिजवून त्याचा लगदा करायचा, त्यात मेथीची पूड घालायची म्हणजे कीड लागत नाही, आणि वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. माझे यजमान शिफ्टवरून आलेल्या नीलेशकडे पेपर मागायला जायचे, आणि दोघं मिळून दोरीवर वाळत घातलेल्या हत्तीच्या कानावर मथळे वाचायचे.

दुसरा नियम, खोडरबर दारात काढून ठेवायचं. चपलांच्या शेजारी सहा खोडरबरं ओळीने असायची. कुणाची रेघ चुकली की मावशी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "ती आली ती आली. आता तिचा काय होतो ते बघ." अशा रीतीने ईराचा एक घोडा पूल झाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या रेहानची आगगाडी गोम झाली.

तिसरा नियम, डोळे शेवटाला. माणूस असो, मासा असो, सगळं पूर्ण झालं, वाळलं, रंगलं की मगच डोळे. आणि गंमत म्हणजे ती वेळ सहसा यायचीच नाही. मावशी तयार प्राणी हातात घ्यायच्या, इकडून तिकडून फिरवायच्या, "अजून वालू दे," म्हणायच्या आणि खिडकीत ठेवून द्यायच्या. त्यांच्या खिडकीत नेहमी दहा-पंधरा आंधळ्यांची रांग असायची. दूधवाला त्या बाजूला बघायचा नाही.

घरातून आणायचं म्हटल्यावर एका मुलाने जिताड्याची खवलं आणली. मोठाली, पारदर्शक. मावशींचा चेहरा असा खुलला, की बाकीच्या मुलांनी आपापल्या पिशवीतले वाल गुपचूप झाकले. खवलं लिंबाच्या पाण्यात धुतली, गच्चीवर वाळवली, निम्मी हळदीत आणि निम्मी बिटात रंगवली, आणि त्यांची इतकी सुरेख फुलं झाली की मीसुद्धा गप्प झाले. ईराने तिच्या बाईंच्या वाढदिवसाला गुच्छ नेला. बाई शाकाहारी. गुच्छ टेबलावर दोन तास दिमाखात होता, मग ऊन आलं, आणि मग वर्गात मांजर आलं. बाईंनी मला फोन करून फार सभ्यपणे विचारलं, की फुलं कुठल्या जातीची आहेत.

मी मावशींना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "लिंबू कमी पडला."

पण मावशींची खरी अडचण वेगळी होती आणि ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती. शाळेत जंगली प्राण्यांचं प्रदर्शन होतं. सहाही मुलांनी हत्ती करायचं ठरवलं. मावशींनी शाडूची माती मळून दिली, सोंड कशी वळवायची ते दाखवलं, पोटाला गोलाई कशी द्यायची ते दाखवलं. बत्तीस वर्षं ज्या हातांनी एकच देव हाताळला, त्या हातांनी जसं दाखवलं तसंच मुलांनी केलं. प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर वाघ होते, सिंह होते, एक जिराफ होता, आणि कडेला सहा हत्ती मांडी घालून बसले होते. सहाही जणांचा उजवा हात वर होता.

आलेल्या पालकांनी तिथे पोचल्यावर चपला काढायला सुरुवात केली. कुणीतरी जास्वंदीचं फूल वाहिलं. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यात जंगली काय आहे?"

संध्याकाळी मी हा प्रश्न मावशींपर्यंत पोचवला. त्यांना तो पटला नाही.

"हत्तीच हायत ते," त्या म्हणाल्या. "जरा बसलेत. जंगलात काय दिवसभर उभाच रवतो का हत्ती?"

"आणि मावशी, हातातला लाडू?"

"भूक लागते ना," त्या म्हणाल्या.

रेहानच्या डायनासोरची गोष्ट मात्र मी कुणालाही सांगितली की लोक मला विचारतात, खरंच? खरंच. रेहानचे वडील कुवेतला असतात, तो इथे आई आणि दादीबरोबर राहतो. त्याने डायनासोर केला, आणि मावशी आत चहा ठेवायला गेल्या असताना काडीने त्याला डोळे काढले. मग अर्ध्या तासाने त्याला कंटाळा आला आणि तो म्हणाला, आता मोडून ट्रक करतो.

मावशींनी त्याचा हात धरला. "डोले काढलेस?"

"हो."

"मग आता मोडाचा नाय. डोले काढले का तो जिता जाला. आता त्याला पान्यात सोडाचा. नीट."

हा कारखान्याचा कायदा होता. डोळे नसलेली मूर्ती म्हणजे माती, ती मोडा, पुन्हा मळा, कुणी काही म्हणत नाही. एकदा डोळे उघडले की ती मोडत नाहीत, विसर्जनच करतात. मावशींनी हा कायदा देवापुरता न ठेवता सरसकट सगळ्यांना लावला होता. त्यामुळे एका मंगळवारी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून डायनासोरची मिरवणूक उतरली. पुढे दोन मुलं ताटल्या वाजवत होती, मध्ये पाटावर डायनासोर, मागे मावशी. खाली बादली. बादली आमची होती. नवी, निळी, झाकणाची, मी पाणी साठवायला आणलेली. मी घरी नसताना ईराने ती दिली होती.

रेहानची दादी दारात उभी राहून बघत होती. मुलांना वाटलं ती रागावणार. तिने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मावशींना म्हणाली, "तुझा बरोबर हाय गो. डोल्यांची मस्करी नाय कराची. आमच्यात तं म्हनतात काढूच नये." मग आत जाऊन कुवेतहून आलेल्या खजुराचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांना एकेक खजूर दिला. डायनासोरला निरोप काय द्यायचा यावर थोडी चर्चा झाली. रेहान "खुदा हाफिज" म्हणाला, ईरा "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाली, आणि डायनासोर बुडबुडे सोडत गेला.

त्या दिवसापासून मावशी आणि दादी रोज दुपारी एकत्र चहा पिऊ लागल्या. आंधळ्या प्राण्यांच्या त्या खिडकीला अख्ख्या बिल्डिंगमध्ये मनापासून पाठिंबा देणारी दादी एकटीच होती.

मावशींच्या खिडकीचं कारण मला त्या चहाच्या वेळीच कळलं. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही का नाही काढून देत डोळे? बत्तीस वर्षं काम केलंत."

दादीच म्हणाली, "सांग ना तिला."

कारखान्यात डोळ्यांची आखणी फक्त मालक करायचे. त्यांना सगळे दादा म्हणत. मावशींकडे पितांबर, दागिने, नखं, सोंडेवरची नक्षी. दादांच्या हाताच्या अंतरावर बसून त्यांनी हजारो डोळे उघडताना बघितले. दर वर्षी हंगाम संपला की त्या विचारायच्या, "दादा, एक मी काढू?" आणि दादा दर वर्षी फार प्रेमाने म्हणायचे, "कुंदा, पुढल्या वर्षी बघू." बत्तीस वर्षं. शेवटी साडी आणि नारळ देऊन निरोप झाला.

"रागावलेली नाय मी," मावशी म्हणाल्या. "पन एक तरी." मग उठल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक बारीक ब्रश काढला. केसाएवढं टोक. "दादांचा हाय. चोरला नाय मी. माझ्या पिशवीत आला."

मला वाईट वाटलं, एवढंच सांगते.

त्या वर्षी ईराने जाहीर केलं, की घरातला गणपती पेणहून आणायचा नाही, आम्ही करणार. मी नको म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोर चादर होती. पण यजमान फितूर झाले, आणि श्रावणात समोरच्या हॉलमध्ये सहा मुलांनी मिळून वीतभर उंचीचा गणपती केला. एक कान मोठा, पोट रेहानने केलेलं म्हणून भक्कम. रंग मावशींच्या देखरेखीखाली झाला. पितांबराची घडी तर मावशींनी स्वतःच्या हाताने अशी घातली, की आमच्या लग्नातलं सोवळं त्यापुढे चुरगळलेलं वाटावं. राहिले डोळे.

"डोले पेनला," मावशी म्हणाल्या. "दादा काढतील. देवाचा काम हाय, माझा हात नाय त्याला लागलेला."

चतुर्थीला पाच दिवस असताना आम्ही गाडीने निघालो. मावशी मागच्या सीटवर, मांडीवर उशी, उशीवर गणपती. नागोठण्यापासून पुढे महामार्गावर जे खड्डे आहेत त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणारे रोज त्यांत जाऊन येतात. प्रत्येक खड्ड्याला मावशी गणपतीला छातीशी धरायच्या आणि माझ्या यजमानांना विचारायच्या, "बाबा, लायसन कोनी दिला तुला?" वडखळ येईपर्यंत यजमान घामाने निथळले होते.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चहूकडे गणपती, वर फळ्यांवर गणपती. दादा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, काळा चष्मा लावून. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मावशींनी कारखाना सोडल्यापासून ब्रश धरला नव्हता. मावशींनी मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने डोळ्यांची जागा चाचपली.

"पोट कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"एक पोरगा हाय."

"बरं केलंय. ठेवून जा कुंदा, मुलगा काढेल. परवा घेऊन जा."

मावशींनी मूर्ती फळीवर ठेवली. तिथे दादांचा मुलगा आणि आणखी तिघं डोळे काढत होते. हंगामाची घाई. एकाने मूर्ती पुढे सरकवायची, दुसऱ्याने बुबुळं, तिसऱ्याने भुवया, आणि पुढची. मोबाइलवर गाणं चालू होतं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण एका देवाला दोन मिनिटं मिळत असावीत. त्यांचंही काही चुकत नव्हतं, दारात टेम्पो उभे होते. मावशी बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपली मूर्ती फळीवरून उचलली आणि पदराखाली घेतली.

"काय गं?" दादांनी विचारलं. "नाही ठेवत?"

"पुढल्या वर्षी बघू, दादा," मावशी म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर आम्ही कुणी हसलो नाही. वडखळ गेल्यावर मावशीच आधी हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या. परतीच्या वाटेवर खड्ड्यांना कुणी काही बोललं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. पंखा बंद. मुलं भिंतीला टेकून ओळीने. दादीला एकटीला खुर्ची. मावशी आंघोळ करून, साडी बदलून मूर्तीसमोर बसल्या आणि तांदळाच्या डब्यातला ब्रश हातात घेऊन अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. मी गणिताच्या परीक्षेत अशी बसलेली मुलं बघितली आहेत.

रेहान हळूच म्हणाला, "मावशी, चुकला तर त्याचा काय होतो ते बघू."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. मग श्वास रोखला आणि डावा डोळा काढला. मग उजवा. चार रेघा आणि दोन ठिपके, पुन्हा हात लावला नाही.

मला देवाधर्मातलं फार कळत नाही. पण त्या मूर्तीने माझ्याकडे बघितलं हे मी शपथेवर सांगेन. जरा हसत, जरा ओळखीचं, एखादी थोरली बाई भांडायला आलेल्या धाकटीकडे बघते तसं. रेहान दारामागे जाऊन म्हणाला, "ती भेंडी मी एकट्याने नव्हती घेतली." मावशी "जाला" म्हणाल्या आणि चहा मागितला. चहा त्यांच्या हातात तसाच गार झाला.

आमचा गणपती दीड दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी मी बादली काढली, तर मावशी म्हणाल्या, "पाच दिवस ठेव ना बाय, पोरांचा पयला गनपती." पाचव्या दिवशी म्हणाल्या, गौरींबरोबर जाऊ दे, एकटा कसा जाईल. गौरी गेल्या, तेव्हा म्हणाल्या, पोटाचा रंग अजून नीट वाळला नाही, कच्चा रंग पाण्यात सोडू नये. मी मोदक वळून वळून बेजार. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसाद, शाळा, पेपर तपासणी. मावशी मात्र सकाळ-दुपार-संध्याकाळ आमच्याकडे, मूर्तीसमोर पाटावर, वाल सोलत बसलेल्या. अनंत चतुर्दशीला मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं पुढच्या संकष्टीला साखरचौथीचा पन गनपती असतो. चार दिवसांचाच तं प्रश्न हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेहान म्हणाला, "मावशी, पन डोले काढलेव ना?"

मावशींनी वालाची टोपली खाली ठेवली.

"व्हय रं," त्या म्हणाल्या. "काढले."

आरती झाली. बादली गॅलरीत मांडली, ती निळीच. मावशींनी मूर्ती दोन्ही हातांनी धरली आणि किंचित मागे कलवून सोडायला सुरुवात केली. आधी मूर्तीची बैठक, मग पाय, पोट, मग मुकुट. तोंड पाण्यावर ठेवून त्या थांबल्या. हात दुखत असणार. आम्ही कुणी घाई केली नाही. ईरा कानात कुजबुजली, "आई, डोळे शेवटाला." मग त्यांनी डोळेही पाण्याखाली जाऊ दिले, आणि बादलीवर वाकून बराच वेळ आत बघत बसल्या. दादी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

दिवाळीनंतर नीलेशला डोलवीच्या कंपनीत काम मिळालं आणि त्यांनी पेणजवळ घर घेतलं. सामान टेम्पोत चढत असताना मावशी आमच्याकडे आल्या. खिडकीतले ईराचे अकरा प्राणी त्यांनी सुपात घालून आणले होते. शोकेसमध्ये एकेक नीट लावला. ईराने त्यांच्यापुढे ब्रश धरला. म्हणाली, "मावशी, आता तुम्हाला येतात. यांना पण काढा ना."

मावशींनी ब्रश घेतला. मांजर उचललं, फिरवून बघितलं, आणि परत ठेवलं.

"नको गो. डोले काढले का जावा लागतो," त्या म्हणाल्या. "हे रवतील तुझ्याकडं."

मी गॅलरीत आले तेव्हा त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मांडीवर निळी बादली होती, गणपतीची विरघळलेली माती भरलेली, वर ओलं फडकं. तिकडच्या मुलांना लागेल म्हणून. खड्डा आला तर सांडू नये म्हणून त्यांनी तिला दोन्ही हात घातले होते, आणि ड्रायव्हरला काहीतरी विचारत होत्या. बहुतेक लायसनचं.

बादली आमची होती. मी हाक मारून सांगणार होते, पण टेम्पो निघाला होता, आणि खरं सांगायचं तर मला नीट दिसतही नव्हतं.